चाप ओढला, बार झाला नाही
एकबारी रायफलीतील दोषाचा शास्त्रीय शोध

जयपूर शहराच्या आग्नेय भागात जगतपुरा येथे नेमबाजीचे मैदान आहे. अशा मैदानावर पन्नास मीटरांच्या पट्ट्यात एखादा नेमबाज आडवा पडून नेम धरीत आहे, अशी कल्पना करावी. लक्ष्याच्या मधोमध असलेले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे असते. नेमबाज श्वास रोखतो, दृष्टी स्थिर करतो आणि चाप हलकेच मागे घेतो. आता सवयीचा बार ऐकू यावयास हवा. त्याऐवजी ऐकू येतो तो केवळ ‘टक्’ असा कोरडा आवाज. रायफल हलत नाही आणि लक्ष्यावर काहीच उमटत नाही.

या क्षणी मनात येणारा पहिला विचार बहुधा असा असतो, की काडतूस खराब निघाले. ते काढून टाकावे आणि दुसरे भरावे. हा विचार दोन कारणांनी घातक आहे. एक तर ते काडतूस खरोखर निकामी झाले आहे की नाही, हे अद्याप कोणासही ठाऊक नसते. दुसरे असे, की दोष काडतुसाचा, रायफलीचा की स्वतः नेमबाजाचा हे ठरविणारा पुरावा त्याच वेळी रायफलीच्या पोटात पडून असतो आणि घाईने उघडलेला बोल्ट तो पुरावा नाहीसा करतो. न झालेला बार म्हणजे काडतुसाचा दोष, हे समीकरण वरवर सोपे वाटले तरी अनेकदा खोटे ठरते. ते कसे तपासावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ज्या रायफलीचा येथे विचार करावयाचा आहे, ती एकबारी आहे. तिच्यात काडतुसांची पेटी नसते. प्रत्येक बाराला एक काडतूस हाताने भरावे लागते, आणि बोल्ट पुढे सरकवून व वळवून नळीचे मागचे तोंड बंद करावे लागते. तिचे काडतूस ‘पॉइंट टू-टू’ या नावाने ओळखले जाते. नळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि शिशाच्या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम असते. जगभरच्या पन्नास मीटरांच्या स्पर्धा याच काडतुसावर खेळल्या जातात. जयपूरच्या अवनी लेखरा यांनी २०१५ साली आपल्याच शहरात नेमबाजीस प्रारंभ केला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये त्यांनी प्रथम हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीने सुवर्णपदक मिळविले, आणि त्यानंतर पन्नास मीटरांच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४४५.९ गुणांसह कांस्यपदक मिळविले. हे दुसरे पदक दारूच्या काडतुसाच्या रायफलीचे होय. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी गावचे स्वप्निल कुसळे यांनीही १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. जेथे गुणांचा हिशेब दशांशापर्यंत होतो, तेथे एका न झालेल्या बाराचे मोल किती असेल, हे सांगावयास नको. तथापि त्याहून मोठे मोल नेमबाजाच्या डोळ्यांचे व हातांचे आहे. म्हणून प्रथम सुरक्षिततेचा आणि मग गुणांचा विचार करावयाचा.

ठिणगीची साखळी

बार का होत नाही, हे समजण्यासाठी तो कसा होतो, हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या तोड्याच्या बंदुकीत हे काम उघड्या डोळ्यांना दिसत असे. बंदुकीच्या बाजूच्या छोट्या कानात रंजक, म्हणजे बारीक दारू, ठेवलेली असे. चाप ओढला की जळता तोडा तिच्यावर उतरे; रंजक पेटे आणि तिची ज्वाला एका बारीक छिद्रातून नळीतील मुख्य दारूपर्यंत पोहोचे. जयपूरनजीकच्या जयगडावर सवाई जयसिंगांच्या कारकिर्दीत १७२० मध्ये ओतलेली जयबाण नावाची प्रचंड तोफ आहे. तोफेलाही अशीच मागील छिद्रातून बत्ती द्यावी लागे. छिद्र बुजले किंवा दारू सर्दावली, तर रंजक भपकन जळून जाई आणि आतील दारू मात्र थंडच राही. न झालेला बार हा आजचा प्रश्न नव्हे. बंदुकीइतकाच तो जुना आहे.

या उघड्या ज्वालेची जागा आघाताने घेतली, त्याचे श्रेय स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्साइथ या धर्मोपदेशकाकडे जाते. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीची ठिणगी उडाल्यानंतर प्रत्यक्ष बार होईपर्यंत जो क्षण जाई, तेवढ्यात पक्षी सावध होत. म्हणून त्याने ठोकताच पेट घेणारे रासायनिक द्रव्य वापरण्याची युक्ती काढली व १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या फ्लोबेर या कारागिराने असे द्रव्य काडतुसाच्या बुडाच्या कडेतच भरले. त्याच कुळातील आजचे पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून प्रचारात आहे.

या काडतुसाची रचना पाहण्यासारखी आहे. पितळेच्या लहानशा नळकांड्याच्या बुडाशी बाहेर आलेली एक पोकळ कड असते. तिच्यात प्रज्वालक मिश्रण, म्हणजे आघाताने पेट घेणारे रसायन असते. कारखान्यात हे मिश्रण ओलसर स्थितीत नळकांड्यात घालतात आणि नळकांडे वेगाने फिरवून ते कडेच्या पोकळीत सर्व बाजूंनी पसरवितात. त्यानंतर ते वाळवितात, दारू भरतात आणि वर गोळी बसवितात. चाप ओढला की बोल्टमध्ये ताणून अडवलेली स्प्रिंग मोकळी होते. ती फायरिंग पिन नावाची पोलादी सळई पुढे फेकते. पिनचे टोक काडतुसाची कड नळीच्या काठावर दाबते, कडेतील मिश्रण दोन धातूंच्या भिंतींमध्ये चिरडले जाते आणि ठिणगी पडते. ठिणगीने दारू पेटते व वायूंच्या दाबाने गोळी सुटते. ती दर सेकंदास सुमारे ३३० मीटर वेगाने निघते व पन्नास मीटरांचे अंतर सेकंदाच्या साधारण सहाव्या भागात कापते.

चाप, स्प्रिंग, पिन, कड, मिश्रण आणि दारू असे या साखळीचे सहा दुवे झाले. यांपैकी कोणताही एक दुवा निसटला तरी बाहेर ऐकू येणारा परिणाम एकच असतो. म्हणूनच केवळ ‘टक्’ या आवाजावरून कारण सांगता येत नाही. एकाच लक्षणाचे अनेक रोग असावेत, तसा हा प्रकार आहे.

पहिली तीस सेकंदे

बार झाला नाही, असे वाटताच तीन शक्यता संभवतात. पहिली मुक्या बाराची: मिश्रण पेटलेच नाही. दुसरी विलंबित बाराची: मिश्रण किंवा दारू संथपणे धुमसत आहे आणि बार काही क्षणांनी होणार आहे. आजच्या चांगल्या काडतुसांत हे क्वचित घडते. परंतु क्वचित म्हणजे कधीच नाही, असे नव्हे. तिसरी अर्ध्या बाराची: मिश्रण पेटले, पण दारू नव्हती किंवा नीट जळली नाही, आणि गोळी नळीत मध्येच अडकून राहिली. अशा वेळी नेहमीच्या बाराऐवजी ‘फट्’ किंवा ‘फुस्स’ असा दबका आवाज येतो. नळीत गोळी अडकली असताना तिच्यामागे दुसरा बार काढला, तर नळी फुगते किंवा फाटते.

या तीनही शक्यतांना एकच आचरण लागू पडते. रायफलीचे तोंड लक्ष्याच्याच दिशेने ठेवावे. बोट चापावरून काढावे. बोल्टला हात लावू नये. मोकळा हात वर करून मैदानावरील अधिकाऱ्यास खूण करावी आणि किमान तीस सेकंद थांबावे. ज्या मैदानाचा नियम एक मिनिटाचा असेल, तेथे एक मिनिट थांबावे. त्यानंतर अधिकाऱ्याच्या सूचनेप्रमाणे, चेहरा बोल्टच्या मागे किंवा काडतूस बाहेर पडण्याच्या बाजूस न ठेवता, बोल्ट सावकाश उघडावा. कारण उघड आहे. बंद चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेत, काडतुसाला चहूबाजूंनी पोलादाचा आधार असतो. बोल्ट अर्धवट उघडल्यावर ते पेटले, तर पातळ पितळ फुटून त्याचे तुकडे उडतात.

आवाज दबका आला असेल, किंवा बाहेर आलेल्या नळकांड्यात गोळी नसेल, तर नळी मोकळी आहे याची खात्री होईपर्यंत पुढील बार काढावयाचा नाही. बोल्ट काढून घेऊन मागील बाजूने नळीतून पाहावे, किंवा साफसफाईची सळई आरपार जाते का ते पाहावे. गोळी अडकलेली आढळली तर ती काढण्याचे काम जाणकार दुरुस्ती-कारागिराचे आहे. ते नेमबाजाने मैदानावर करावयाचे नाही.

कडेवरील ठसा

आता चौकशीस प्रारंभ होतो. तिचा पहिला प्रश्न काहींना अपमानकारक वाटेल. पण तो विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. चेंबरमध्ये काडतूस होते काय? एकबारी रायफलीत भरण्याचे काम सर्वस्वी हाताचे असते. लक्ष लक्ष्यावर, वाऱ्यावर किंवा घड्याळावर असताना नेमबाज काडतूस न भरताच बोल्ट बंद करतो, असे अनुभवी माणसांकडूनही घडते. दुसरा प्रश्न असा, की बोल्ट पुरता मिटला होता काय, आणि सुरक्षा-खटका असल्यास तो मोकळा केला होता काय? या दोन प्रश्नांतच अनेक मुक्या बारांचा उलगडा होतो. असे बार खरे मुके नसतात. ते केवळ मुके भासतात.

काडतूस होते व बोल्टही मिटलेला होता, असे ठरले म्हणजे काडतुसाच्या कडेवरील ठसा पाहावा. त्याच रायफलीतून नुकत्याच व्यवस्थित उडालेल्या काडतुसाचे रिकामे नळकांडे शेजारी ठेवावे आणि भिंगातून दोहोंची तुलना करावी. एक सावधगिरी मात्र बाळगावी. उडालेल्या काडतुसात वायूंचा दाब पितळ मागे बोल्टवर रेटतो. त्यामुळे तेथील ठसा न उडालेल्या काडतुसाच्या ठशाहून किंचित निराळा दिसतोच. म्हणून बारीकशा फरकावरून निष्कर्ष काढू नये. ठळक फरक तेवढा विचारात घ्यावा.

तुलनेत चार प्रकार संभवतात.

ठसा मुळीच नसेल, तर पिन काडतुसापर्यंत पोहोचलीच नाही. तिचे टोक मोडले असेल, स्प्रिंग ताणलीच गेली नसेल, किंवा बोल्ट अर्धवट मिटल्यामुळे पिन वाटेत अडली असेल. काडतुसाला दोष देण्यास येथे जागाच नाही.

ठसा उथळ असेल, तर घाव पडला, पण दुबळा पडला. स्प्रिंग थकली असेल, पिनच्या मार्गात घट्ट झालेले तेल किंवा मळ असेल, किंवा काडतूस चेंबरमध्ये शेवटपर्यंत बसले नसेल.

ठसा भलत्याच जागी, म्हणजे कडेऐवजी आतल्या अंगास पडला असेल, तर पिनचे टोक वाकले किंवा झिजले असण्याचा संभव आहे. आतल्या अंगास मिश्रण जवळपास नसतेच, म्हणून तेथे कितीही जोराचा घाव पडला तरी तो व्यर्थ होय.

ठसा योग्य जागी आणि नेहमीइतकाच खोल असेल, तरच संशय काडतुसाकडे वळतो. कडेच्या त्या भागात मिश्रण पोहोचले नसेल, किंवा ते ओल अथवा तेलाने निकामी झाले असेल.

चारांपैकी एकाच प्रकारात काडतूस अपराधी ठरते, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुबळा घाव कशाने पडतो

या चार प्रकारांत सर्वांत फसवा प्रकार उथळ ठशाचा आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

पिनच्या घावातील ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पिनचा वेग पाच भागांवरून चार भागांवर आला, तर ऊर्जा पंचवीस भागांवरून सोळा भागांवर येते. म्हणजे वेगात पाचव्या हिश्शाची घट झाली असता ऊर्जेत एक-तृतीयांशाहून अधिक घट होते. अल्पशा अडथळ्यानेही बार का चुकतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

हा अडथळा जयपूरसारख्या ठिकाणी सहज उत्पन्न होतो. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि वाळवंटाकडून धुळीच्या आंधी येतात. जानेवारीतील पहाटे तोच पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. धूळ स्वतः कोरडी असते, तोवर ती झटकता येते. परंतु बोल्टमध्ये तेल सढळ हाताने घातलेले असेल, तर धूळ त्यात मिसळून तिचा चिकट लेप बनतो. वाळूतील गारेचे कण साध्या पोलादालाही ओरखडे पाडण्याइतके कठीण असतात. थंडीत तेल दाट होते आणि पिनची गती मंदावते. म्हणून हिवाळ्यातील पहिल्या काही बारांतच दोष दिसतो आणि दिवस चढल्यावर तो आपोआप नाहीसा होतो, अशी नोंद मिळाल्यास तेलाचा विचार प्रथम करावा. ‘यंत्र अडते तेथे तेल घालावे’ ही घरगुती समजूत येथे उलटी ठरते. येथे बहुधा तेल पुसून काढावे लागते.

काडतूस पुरते न बसणे हे दुसरे महत्त्वाचे कारण होय. पॉइंट टू-टूच्या गोळीवर बाहेरून मेणासारखे वंगण असते. शेकडो बारांनंतर हे वंगण, शिसे आणि दारूची काजळी यांचे एक कडक वलय चेंबरच्या पुढील टोकाशी साचते. स्पर्धेच्या रायफलींचे चेंबर आधीच घट्ट बेताचे असते. त्यात हे वलय साचले की काडतूस केसभर मागे राहते. मग पिनचा घाव कड चिरडण्यात खर्च न होता काडतूस पुढे ढकलण्यात खर्च होतो. भिंतीला टेकवलेल्या फळीत खिळा सहज जातो. तीच फळी हातात अधांतरी धरली तर हातोडीचा घाव फळीच हलवितो. हा अनुभव प्रत्येकास असेल. येथेही तेच घडते. उन्हात ठेवलेल्या डबीतील काडतुसांचे वंगण मऊ होऊन त्यावर धूळ बसते, आणि ती चेंबरमध्ये जाते. म्हणून काडतुसे सावलीत व झाकून ठेवावीत.

पुष्कळ जुन्या पॉइंट टू-टू रायफलींत आणखी एक उपद्रव आढळतो. रिकाम्या चेंबरवर वारंवार चाप ओढला असता पिनचे टोक काडतुसाच्या कडेऐवजी थेट चेंबरच्या काठावर आदळते. त्यायोगे टोक बोथट होते आणि काठावर धातूची बारीक उंचवटी उठते. ती काडतुसास नीट बसू देत नाही. तेव्हा सराव आणि दोष यांचा असा अनपेक्षित संबंध असू शकतो. कोरड्या सरावासाठी आजच्या स्पर्धेच्या रायफलींत निराळी सोय असते. ती नसेल तर निर्मात्याच्या सूचना पाहाव्यात.

एका वेळी एकच बदल

ठशावरून संशयित ठरतो. अपराध सिद्ध होतो तो प्रयोगाने. प्रयोगाचा नियम एकच आहे, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बार चुकला म्हणून एखाद्याने रायफल साफ केली, स्प्रिंग नवी घातली आणि काडतुसेही दुसऱ्या बनावटीची आणली. दोष गेला. परंतु तो कशाने गेला? हे त्याला कधीच कळणार नाही, आणि दोष परत आला म्हणजे त्याला पुन्हा आरंभापासून चाचपडावे लागेल.

काडतुसांच्या डबीवर त्या घाण्याचा, म्हणजे लॉटचा, क्रमांक छापलेला असतो. त्याच लॉटची काडतुसे दुसऱ्या निर्दोष रायफलीत वापरून पाहावीत, आणि मूळ रायफलीत दुसऱ्या लॉटची काडतुसे वापरावीत. दोष काडतुसांबरोबर दुसऱ्या रायफलीत गेला, तर तो काडतुसांचा. तो मूळ रायफलीतच राहिला, तर रायफलीचा. दोन्हीकडे तो दिसेनासा झाला, तर त्या रायफलीचा व त्या लॉटचा जोड तेवढा जुळत नाही, असे समजावे.

चुकलेल्या काडतुसावर दुसरा घाव घालून पाहण्याची पद्धतही आहे. ती केवळ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, थांबण्याचा काळ उलटल्यानंतरच वापरावी. परंतु तिचा अर्थ लावताना तर्क जपून चालवावा लागतो. काडतूस बाहेर काढून थोडे फिरवून पुन्हा भरले आणि ते उडाले, तर दोन शक्यता उरतात. पहिल्या जागी मिश्रण नव्हते, ही एक; पहिल्या घावाने काडतूस पुढे सरकून नीट बसले होते, ही दुसरी. काही रायफलींत बोल्टचा दांडा नुसता उचलून खाली केला की काडतूस न हलविता स्प्रिंग पुन्हा ताणता येते. अशा वेळी त्याच जागी दुसरा घाव पडतो. तो यशस्वी झाला, तर घावाच्या दुबळेपणाकडे किंवा काडतुसाच्या बैठकीकडे बोट जाते. तात्पर्य, ‘दुसऱ्या वेळी उडाले’ एवढ्या नोंदीला अर्थ नाही. ते कसे उडाले, हेही लिहिले पाहिजे.

आता दोष गेला असे कधी म्हणावे? समजा, एका रायफलीत सरासरीने शंभरांत एक बार चुकतो. ती साफ केल्यानंतर सलग पन्नास बार सुरळीत झाले. नेमबाज समाधानाने म्हणतो, ‘साफसफाईने काम झाले.’ आपण हिशेब करून पाहू. साफसफाईचा काहीच उपयोग झाला नसेल, तरी प्रत्येक बार सुरळीत होण्याची शक्यता शंभरांत नव्व्याण्णव आहे. ०.९९ ही संख्या स्वतःशी पन्नास वेळा गुणली असता सुमारे ०.६० येते. म्हणजे काहीही न सुधारता पन्नास बार सुरळीत जाण्याची शक्यता शंभरांत साठ आहे! तीनशे बार सलग सुरळीत झाले, तर मात्र हीच शक्यता शंभरांत पाचापर्यंत उतरते; मग साफसफाईचे श्रेय मान्य करण्यास हरकत नाही. याउलट दहांत एक बार चुकत असेल, तर सलग तीस सुरळीत बारही तेवढाच विश्वास देतात. दोष जितका विरळ, तितकी परीक्षा लांब, हा नियम औषधांच्या चाचणीपासून विजेच्या दिव्यांच्या तपासणीपर्यंत सर्वत्र लागू आहे. शाळांतील विद्यार्थ्यांनी रायफलीवाचूनही तो पडताळून पाहावा. एका डबीत नव्व्याण्णव पांढरे मणी व एक काळा मणी घालावा, प्रत्येक वेळी न पाहता एक मणी काढून तो परत टाकावा आणि काळा मणी किती खेपांनंतर हाती येतो, याची नोंद करावी. त्यावरून उतावळ्या निष्कर्षाची किंमत कळेल.

या सर्वांसाठी साधी नोंदवही पुरे. दिनांक, हवेचे तापमान, काडतुसाचा लॉट, मागील साफसफाईपासून झालेले बार, ठशाची जागा व खोली, आणि शेवटी आपण केलेला एकच बदल, एवढ्या गोष्टी तिच्यात लिहाव्यात. चार महिन्यांनी ती वही जे सांगते, ते स्मरणशक्तीला सांगता येत नाही. कारण माणसाचे स्मरण चुकलेला बार तेवढा जपून ठेवते आणि मधले शेकडो सुरळीत बार विसरून जाते.

नियम आणि शास्त्र

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांतही हीच दृष्टी दिसते. स्पर्धेत बार झाला नाही, तर नेमबाजाने रायफल लक्ष्याकडे रोखलेलीच ठेवून अधिकाऱ्यास बोलवावयाचे असते. काडतूस पेटले नाही, गोळी नळीत अडकली किंवा चाप सुटूनही रायफल चालली नाही, तर बिघाड ग्राह्य धरतात. परंतु काडतूस भरलेच नसेल, चुकीचे भरले असेल, सुरक्षा-खटका मोकळा केला नसेल, किंवा वाजवी काळजीने दूर करता आला असता असा दोष असेल, तर तक्रार मान्य होत नाही. अधिकारी येण्यापूर्वी रायफल उघडली गेली असेल, तरीही ती मान्य होत नाही. थांबावे, पुरावा हलवू नये, आणि प्रथम स्वतःची चूक तपासावी, असे जे शास्त्र सांगते तेच नियमही सांगतो. उतावळेपणाने बोल्ट उघडणारा नेमबाज स्वतःस धोक्यात घालतोच, शिवाय आपला न्याय्य हक्कही गमावतो.

चुकलेली काडतुसे खिशात ठेवू नयेत, कचऱ्यात टाकू नयेत आणि कुतूहलाने उघडून तर कधीच पाहू नयेत. त्यांच्यासाठी मैदानावर नेमून दिलेल्या पेटीतच ती टाकावीत. पुष्कळ काडतुसांच्या मिश्रणात आणि गोळीत शिसे असते; म्हणून सरावानंतर हात धुतल्यावाचून काही खाऊ नये. आपल्या देशात अशी रायफल १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येते. तिची हाताळणी अधिकृत मैदानावर, प्रशिक्षकाच्या उपस्थितीतच व्हावयास हवी. या लेखात सांगितलेले काहीही घरी करून पाहण्यासाठी नाही.

आता पुन्हा त्या पन्नास मीटरांच्या पट्ट्याकडे वळू. ‘टक्’ असा आवाज झाला आहे. नेमबाजाने बोट चापावरून काढले आहे, रायफलीचे तोंड लक्ष्याकडेच आहे, आणि तो एक हात वर करून मनात आकडे मोजीत आहे. पाहणाऱ्यास वाटेल, की तो नुसता पडून आहे. वस्तुतः त्या तीस सेकंदांत त्याने दोन गोष्टी राखलेल्या असतात: स्वतःचे डोळे, आणि दोषाचा एकमेव साक्षीदार. यानंतर बोल्ट उघडेल, काडतूस बाहेर येईल, आणि त्याच्या कडेवरील तो लहानसा ठसा काय सांगतो, ते भिंगाखाली वाचता येईल.